पुढे नेहमीप्रमाणे

वाचनालयात आले की सर आधी चपला काढत, मग चष्मा पुसत आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन संगणकाचा माऊस उपटत. उपटलेला माऊस शेपटीला धरून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवत आणि त्यानंतर मला नमस्कार करत.

"त्याची काय गरज न्हाय आक्का," म्हणत. "देवानं दहा बोटं दिल्यात. एकाच बोटानं टिचक्या मारायच्या असत्या तर बाकीची नऊ कशाला दिली असती?"

सर गेले की मी माऊस खाली काढून परत जोडत असे. हे आमच्यात कित्येक वर्षं चाललं होतं. मी परत जोडते हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. त्या विषयावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. आपल्यासाठी राबतो, त्याबद्दल काही घेत नाही, आणि त्यामुळे त्याच्यावर रागावायची सोय राहत नाही. आमचे सर तसे होते. मी त्यांच्यावर दहा वर्षं मनातल्या मनात रागावले.

निपाणीच्या बाजारपेठेमागं आमचं वाचनालय आहे आणि मी तिथली ग्रंथपाल. माहेर खानापूर तालुक्यातलं, घरची शेती. बी. ए. झाले, लग्न होऊन इकडं आले आणि पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या कामाला लागले. सर बेळगावात तंत्रशाळेत शिकवून निवृत्त झालेले. घर निपाणीत, म्हणून परत आलेले. एकदा पुस्तक बदलायला आले आणि माझा कार्डांचा खण बघून तिथंच थबकले. एक पुस्तक शोधायला मला चार खण उपसावे लागले होते.

"हे असंच करताय रोज?"

"मग कसं करायचं?"

"ह्यात काय अवघड हाय?" असं म्हणून ते घरी गेले ते सहा महिन्यांनी एक आख्खा प्रोग्रॅम लिहूनच परत आले. त्याचं नाव त्यांनी 'कपाट' ठेवलं होतं.

'ह्यात काय अवघड हाय?' हे त्यांचं पालुपद. गॅसची नळी बदलायची असो, कन्नड फॉर्म भरायचा असो की नातवाचं गणित असो, सर आधी हे वाक्य म्हणत आणि मग ते काम इतक्या झपाट्यानं करत की बघणाऱ्याला ते अवघड होतं की सोपं, हेच कळायचं राहून जाई.

कपाट ओपन सोर्स होतं. म्हणजे काय, ते सरांनी आमच्या समितीला एका बैठकीत समजावून सांगितलं. "ह्याच्या आतलं सगळं लिखाण मी नेटवर ठेवलंय. कुणीबी बघा, कुणीबी वापरा, चूक सापडली तर दुरुस्त करून मला धाडा. पैसे न्हाईत, कुलूप न्हाय."

आमचे अध्यक्ष निवृत्त वकील. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. ते खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "आणि कुणी चोरून नेलं तर?"

"न्हेऊ दे की," सर म्हणाले. "चोरावंसं वाटलं म्हटल्यावर मला लई बरं वाटंल."

वकीलसाहेबांच्या उभ्या कारकिर्दीत असा फिर्यादी त्यांना भेटला नसावा. त्यांनी कपाटाला मंजुरी दिली, पण तेव्हापासून सरांकडे ते जरा संशयानंच बघू लागले.

पुढं चिकोडी, संकेश्वर, खानापूर, मच्छे अशा गावांतल्या छोट्या वाचनालयांनीही कपाट घेतलं. सर स्वतः बसनं जाऊन बसवून देत. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि कपाट. चहाशिवाय काही घेत नसत, तोही बिनसाखरेचा.

आता कपाट चालवायचं म्हणजे काय ते सांगते. पडदा सगळा काळा. त्यात पांढरी काडी लुकलुकणार. पुस्तक द्यायचं तर सभासदाचा क्रमांक, मग तिरकी रेघ, मग पुस्तकाचा क्रमांक, मग टिंब, मग 'दे'. एक टिंब राहिलं की पडद्यावर एकच शब्द उमटे : 'नाही.' का नाही, काय चुकलं, ते काही नाही. नुसतं 'नाही.'

"सर, का नाही ते तरी लिहा की."

"का न्हाय ते चालवणाऱ्याला म्हाईत पायजे," सर म्हणत. "गाडीला ब्रेक का लावला ते गाडी सांगती का?"

आमचा शिपाई मल्लाप्पा घरी कन्नड बोलणारा. कन्नडात इल्ला म्हणजे नाही. तो त्या संगणकाला 'इल्ला मशीन' म्हणायचा आणि त्याच्यासमोरून जाताना जरा लांबून जायचा.

कपाटाला माहितीपुस्तिकाही होती. सरांनी स्वतः लिहिलेली, बारा पानांची, एकही शुद्धलेखनाची चूक नसलेली. पण प्रत्येक प्रकरण चार ओळी चालायचं आणि शेवटी लिहिलेलं असायचं : 'पुढे नेहमीप्रमाणे.' नवीन सभासद कसा नोंदवावा? अमुक लिहा, तमुक लिहा, पुढे नेहमीप्रमाणे. हरवलेलं पुस्तक कसं काढून टाकावं? पुढे नेहमीप्रमाणे.

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, जो पहिल्यांदाच करतोय त्याचं नेहमी कसलं असतं?"

सर हसले. खुर्चीवर बसले. दहाही बोटं कळफलकावर उधळली, खडखडाट झाला आणि काम झालेलं होतं. "बघितलासा?"

"न्हाय."

"परत बघा." या खेपेला आणखी लवकर झालं.

सर दुष्ट नव्हते. गर्विष्ठ तर मुळीच नव्हते. आपल्याला जे येतं ते येण्यासारखंच आहे, असं त्यांना मनापासून वाटे. आणि नेटवर त्यांचं कौतुक करणारे होतेही, दोघे. एक बेंगळुरूत कंपनीत होता आणि दुसरा थेट फिनलंडमध्ये. दोघांनाही सर कधी भेटले नव्हते. फिनलंडवाल्याला सर 'पाव्हणा' म्हणत. या पाव्हण्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पण मराठी पुस्तक लवकर कसं सापडेल याची रीत तो सुधारून पाठवी. त्याचं पत्र आलं की सर ते छापून घडी घालून आणत आणि मला वाचून दाखवत.

"बघा, किती बारीक चूक काढल्या. ह्याला म्हणत्यात जाणकार," असं म्हणून ते कौतुकानं मान हलवत.

मला त्या पाव्हण्याचा हेवा वाटे, खोटं कशाला बोलू? रोज सकाळ-संध्याकाळ त्या काळ्या पडद्यापुढं मी बसत होते, 'नाही' मी ऐकून घेत होते आणि शाबासकी जात होती बर्फात राहणाऱ्या माणसाला.

हे असंच चाललं असतं. पण मध्ये खंडेनवमी आली.

आमच्या भागात खंडेनवमीला कामाचं प्रत्येक हत्यार पूजेला लागतं. कोयता, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, तराजू, जे ज्याचं असेल ते. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं आणि दसरा होईपर्यंत त्याला विसावा द्यायचा. वाचनालयात आम्ही बांधणीची सुई, शिक्का, उंचावरची पुस्तकं काढायची शिडी आणि संगणक पूजतो. ती सगळी व्यवस्था मल्लाप्पाकडं. त्यात तो कुणाचं ऐकत नाही.

त्या वर्षी सरांनी नेमक्या त्याच सकाळी कपाटाची नवीन आवृत्ती बसवायला घेतली. सगळी पुस्तकं जुन्या कपाटातून नव्यात जायची होती आणि त्याला वेळ लागणार होता. सरांना दसऱ्यासाठी बहिणीकडं बेळगावला जायचं होतं. मी आले तोवर ते निघूनही गेले होते. टेबलावर चिठ्ठी होती : 'संगणकावर काम चालू आहे. ते झाले की पुढे नेहमीप्रमाणे.'

पडदा तर काळाच होता. तो चालू असतानाही काळा आणि बंद असतानाही काळा. म्हणजे काम झालेलं दिसतंय, असं मला वाटलं. मल्लाप्पानं चिठ्ठी एकेक अक्षर लावून वाचली आणि समाधानानं मान हलवली.

"सर लई शाणा माणूस हाय आक्का. नेहमीप्रमाणं म्हणून लिहून ठेवलंय बघा."

आणि त्यानं नेहमीप्रमाणं केलं. हात जोडले आणि संगणकाची पिन काढली. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, पडद्याला कुंकवाची पाच बोटं ओढली आणि झेंडूची माळ घातली. नारळ तेवढा मी बाहेर पायरीवर फोडायला लावला.

दसऱ्यानंतर वाचनालय उघडलं, संगणक लावला आणि कपाटात 'म' अक्षरापर्यंतचेच लेखक होते. 'य'पासून पुढचे सगळे गेले होते. सोमवारची सकाळ, सुट्टीनंतरची गर्दी. जो तो नेमका 'व' आणि 'स'च्याच लेखकांची पुस्तकं मागत होता आणि पडदा प्रत्येकाला सांगत होता, 'नाही.'

मी सरांना फोन लावला. ते परतीच्या बसमध्ये होते, संकेश्वरच्या आसपास.

"काय दिसतंय?" सर ओरडले.

"काळं."

"काळ्यात काय दिसतंय?"

"पांढरं."

"अहो, पांढऱ्यात काय लिवलंय?"

"नाही म्हणतंय."

"मग 'परत आण' लिवा आणि पुढं प्रतीचं नाव घाला."

"कुठल्या प्रतीचं?"

"नेहमीच्या!"

मागून बसमधल्या कुणाचा तरी आवाज आला, "बंद करून चालू करा म्हणावं." दुसरा म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला विचारा, त्याचं दुकान हाय." आख्खी बस आमच्या वाचनालयाच्या काळजीत पडली होती. टेबलापुढं माणसं उभी होती आणि तेवढ्यात सर म्हणाले, "आक्का, ह्यात काय अवघड हाय?"

तेव्हा दहा वर्षांचं सगळं बाहेर आलं. "सर, तुम्हाला काहीच अवघड नाही. मला आहे! ज्याला सगळं येतं त्याच्यासाठीच लिहायचं होतं, तर मग ती बाराच्या बारा पानं लिहिलीत कुणासाठी? त्या फिनलंडवाल्यासाठी? मग त्यालाच बोलवा पुस्तकं द्यायला!"

आणि मी फोन ठेवून दिला. 

सर बसस्टँडवरून पिशवीसकट थेट वाचनालयात आले. त्यांच्याकडं जुन्या कपाटाची प्रत होतीच. संध्याकाळपर्यंत 'य'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळे लेखक परत आले.  मल्लाप्पा अपराधी होऊन दाराशी उभा राहिला, तेव्हा सर त्याला म्हणाले, "तुझी चूक न्हाय रं. चिठ्ठी मी लिवली."

पण त्या दुपारी वकीलसाहेब पुस्तक बदलायला आले होते आणि त्यांना हवं ते पुस्तक 'व'मध्ये होतं. त्यांनी पुढच्याच बैठकीत विषय काढला. शहरातल्या एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर मिळतं. रंगीत आहे, चित्रं आहेत, बोट लावलं की चालतं.

"त्याच्या आतलं बघायला मिळत न्हाय," सर म्हणाले.

"मला आतलं बघायचंच नाही," वकीलसाहेब म्हणाले. "मला पुस्तक बघायचंय."

शेवटी असं ठरलं की, दिवाळीआधीच्या वार्षिक सभेत, ज्यानं जन्मात संगणकाला हात लावलेला नाही अशा माणसानं, कुणीही काही न सांगता कपाटातून एक पुस्तक शोधून दाखवायचं. जमलं तर कपाट राहील. नाही जमलं तर कपाट जाईल.

सर घरी जाताना पायरीवर थांबले. "निपाणीनं काढलं की चिकोडीवालेबी काढणार," म्हणाले. "मग संकेश्वर. मग काय ऱ्हायलं?" ते इतक्या हळू बोलले की माझा राग तिथंच निम्मा झाला. त्या माणसानं निवृत्तीनंतरची सगळी वर्षं या एका कामात घातली होती.

"सर," मी म्हटलं, "उद्या दिवसभर माझ्यामागं बसा. मी काम करते, तुम्ही नुसतं बघा. पण बोलायचं नाही."

"त्यात काय अवघड हाय?" सर म्हणाले.

चार मिनिटं टिकले. पाचव्या मिनिटाला "अहो टिंब, टिंब!" म्हणून ओरडले. मी वळून बघितलं. मग त्यांनी खिशातून सुपारी काढून तोंडात टाकली आणि ओठ मिटून घेतले. पण आता हात वळवळू लागले. माझं टिंब राहिलं की त्यांचा उजवा हात आपोआप कळफलकाकडं निघायचा. शेवटी दोन्ही हात मांड्यांखाली घालून ते त्यांच्यावर बसले. शाळकरी मुलांनाही आम्ही वाचनालयात असं बसवत नाही.

मी काम करत होते. 'नाही' आलं. पुन्हा केलं. 'नाही'. तिसऱ्यांदा झालं. एक बाई आल्या, त्यांना पुस्तकाचं अर्धंच नाव आठवत होतं. कपाटाला अर्धं नाव चालत नसे, म्हणून मी उठून जुन्या कार्डांच्या खणात हात घातला, जो मी सरांना न सांगता जपून ठेवला होता. खण उघडल्याचा आवाज झाला आणि सरांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी मी मल्लाप्पाला बसवलं. त्यानं पडद्याला नमस्कार केला आणि एका बोटानं काहीतरी दाबलं. 'नाही.' तो सरांकडं वळून म्हणाला, "बघा सर, माझं तर ऐकूनच घेत न्हाय ते." सरांनी मांडीखालचा एक हात काढून वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्यांची निम्मी वही भरली होती.

वाचनालय बंद करायची वेळ झाली तेव्हा त्यांनी सुपारी थुंकली आणि विचारलं, "आक्का, रोज असं होतंय?"

"होय."

"रोज?"

"दहा वर्षं."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिले. "मला वाटलं, तुम्हाला कपाट आवडतंय."

मला एकदम वाईट वाटलं. "तुम्ही केलंय म्हणून आवडतं की," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

सर कामाला लागले. काळ्या पडद्याच्या आधी आता एक बाहेरची खोली असणार होती. तिथं मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत आणि शेजारी कन्नडात, 'काय हवंय?' एवढंच विचारायचं. पण हे त्यांनी नेटवर जाहीर करताच पाव्हण्याचं पत्र आलं. सरांनी ते आणलं, पण या वेळी वाचून दाखवलं नाही, नुसतं माझ्यापुढं ठेवलं. पाव्हण्याचं म्हणणं असं होतं, की नवख्यांचे लाड सुरू केले की त्याला अंत नसतो, सगळा वेळ त्यांना हात धरून चालवण्यात जातो आणि जाणकार माणसं कंटाळून सोडून जातात. बेंगळुरूवाल्यानं खाली 'सहमत' लिहिलं होतं.

"चुकीचं न्हाय हो ते," सर म्हणाले. "हे दोघं गेले तर माझ्यामागं कपाट दुरुस्त करणारं कोण न्हाय. तुम्ही करणार हाय का? मल्लाप्पा करणार हाय?"

"आणि आम्ही गेलो तर?" मी विचारलं. "मग ते दोघं दुरुस्त करतील आणि कुणाला देतील?"

सर पत्र घेऊन उठून गेले. दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "पाव्हण्याला लिवलंय. काळा पडदा हाय तसा आत ठेवतो. एक कळ दाबली की तो तिथं जाऊन बसंल. पण बाहेरची खोली होणार. पाव्हणा रुसला तर रुसू दे." हे म्हणताना त्यांचा चेहरा मात्र स्वतःच रुसल्यासारखा झाला होता.

सभेच्या दिवशी परीक्षेला कुणाला बसवायचं यावर घोळ झाला. जो तो म्हणे, माझा नातू लावतो तेव्हा मी बघतो. संगणकाला कधीही हात न लावलेला आणि तसं शपथेवर सांगायला तयार असलेला एकच माणूस निघाला, तो म्हणजे खुद्द वकीलसाहेब. त्यांचं सगळं टंकन जन्मभर कारकुनानं केलं होतं.

सरांनी तोंडात सुपारी टाकली.

वकीलसाहेब खुर्चीत बसले. त्यांना जे समोर येईल ते मोठ्यानं वाचायची कोर्टातली सवय. "काय हवंय," त्यांनी सभेला वाचून दाखवलं. मग बसल्या जागी विचार करून, एकेक अक्षर शोधत त्यांनी एका जुन्या कायद्याच्या इतिहासाचं नाव लिहिलं. निम्मंच लिहिलं, पुढचं त्यांना आठवेना. 

"पुस्तक सापडले," वकीलसाहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं. "ते सध्या वाचनालयात नाही. कारण, ते नऊ वर्षांपूर्वी एका सभासदांनी नेले असून अद्याप परत आलेले नाही. सभासदांचे नाव..."

आणि ओघात त्यांनी स्वतःचं नाव वाचलं.

 मग मागून मल्लाप्पाचं खुसखुसणं ऐकू आलं आणि मग आख्खी सभा फुटली. सरांना सुपारीचा ठसका लागला. वकीलसाहेब लालबुंद होऊन पडद्याकडं बघत होते. खाली आणखी एक ओळ होती. वाचल्याशिवाय राहवेना, म्हणून त्यांनी तीही वाचली. "त्यांना आठवण करून द्यावी का? हो. नाही."

एवढं मात्र मी त्यांचं मानते. त्यांनी शांतपणे 'हो' दाबलं, उठले आणि म्हणाले, "मला कुणी काही सांगितलं नाही. माझं मलाच कळलं. पुरावा मान्य आहे." दुसऱ्या दिवशी त्यांचा कारकून ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणून देऊन गेला.

कपाट राहिलं. चिकोडीत राहिलं, संकेश्वरात राहिलं. पाव्हणा मात्र दोन महिने गप्प होता. सर बोलून दाखवत नसत, पण रोज येऊन विचारत, "माझं काय टपाल?" जणू फिनलंडचं पत्र वाचनालयाच्या पेटीत पडणार होतं. आणि मग एक दिवस ते जवळजवळ पळत आले. पाव्हण्यानं बाहेरच्या खोलीतली एक चूक दुरुस्त करून पाठवली होती. सोबत एकही शब्द नव्हता. त्या दिवशी सरांनी आम्हाला चहा पाजला, साखर घालून.

मागच्या उन्हाळ्यात सर आजारी पडले. बेळगावच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मोसंबी सोलत होत्या. सरांनी एक कागद माझ्या हातात दिला. कपाटात कुणीही बदल सुचवला तरी शेवटचा होकार आजवर सर देत. तो अधिकार त्यांनी माझ्या नावावर केला होता.

"सर, मला काय येतंय? पाव्हण्याला द्या."

"पाव्हणा करू दे की काम. त्याच्याइतकं कुणाला येत न्हाय," सर म्हणाले. त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "पण हो म्हणायचं ते तुम्ही. तुम्हाला कळलं तरच. न्हाय कळलं तर अडवायचं."

"आणि त्यांना राग आला तर?"

"येऊ दे. मलाबी आलता."

वहिनी मोसंबीची फोड त्यांच्यापुढं धरून म्हणाल्या, "तुम्ही दोघं काय बोलताय, मला आजपतोर एक अक्षर कळलं न्हाय."

पंधरा दिवसांनी सर गेले.

महिन्याभरानं पाव्हण्याचा पहिला बदल माझ्या नावावर येऊन पडला. तीन पानं इंग्रजी. माझं इंग्रजी बी. ए.पुरतं. वाचलं, परत वाचलं, काही कळलं नाही. दोन दिवस मी ते उघडून बंद करत होते. सर असते तर विचारलं असतं, असं सारखं मनात येई, आणि ते नाहीत म्हणून त्यांचा रागही येई. हो म्हणून टाकावं, कोण बघतंय, असंही वाटलं. पण तिसऱ्या दिवशी मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं, 'मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा.'

उत्तर आलं. पहिल्यापेक्षा छोटं होतं, पण मध्ये एका जागी मी पुन्हा अडकले. पुन्हा लिहिलं, 'अजून समजलं नाही.' लाज वाटली, पण लिहिलं.

तिसऱ्या वेळी पाव्हण्यानं वेगळंच लिहिलं होतं. समजा, तुमच्याकडं एक बाई आल्या आणि त्यांना पुस्तकाचं नाव आठवतच नाही, नुसती गोष्ट आठवते, अशी सुरुवात होती. मी वाचत गेले आणि शेवटपर्यंत मला सगळं कळलं. एकही शब्द राहिला नाही. मी 'हो' दाबलं आणि हात सवयीनं फोनकडं गेला. नंबर लागेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की मी सरांच्या घरी फोन लावलाय.

वहिनींनी उचलला. "काय झालं गं आक्का?"

"काही नाही वहिनी. एक गोष्ट कळली मला."

"काय कळलं?"

काय सांगणार? पण त्या थांबल्या होत्या, म्हणून सांगितलं. एक बाई येतात, त्यांना नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, गोष्ट तेवढी आठवते. त्या चार शब्द सांगतात आणि कपाट त्यावरून त्यांचं पुस्तक शोधून देतं. सर इतकी वर्षं जे करत होते ते हेच, माणसाला त्याचं पुस्तक सापडावं म्हणून.  वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच होतं व्हय?" त्या म्हणाल्या. "मग मला का कधी सांगितलं न्हाय ह्यांनी? मला कळलं असतं की गं."